नऊ दिवसांची

कुणबी दाखल्यासाठी जुनी नोंद हवी होती म्हणून मी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेले. एकदा नाही, तीनदा. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, शंभर वर्षांपूर्वीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि सगळा मजकूर मोडीत. मला मोडीतलं अक्षर कळत नाही. सोबत एक निवृत्त शिक्षक होते, मोडी वाचणारे. ते बोटाने ओळ धरून हळूहळू वाचत आणि मी पणजोबांचं नाव कुठे येतंय त्याकडे कान लावून बसे.

नाव सापडायच्या आधी बाकीचंच ऐकू येत राहिलं. अमक्याचा मुलगा, वय दीड वर्ष, देवी. तमक्याची मुलगी, वय चार महिने, ताप. बायको, वय बावीस, बाळंतपण. मुलगा, वय तीन, पटकी. गुरुजी एकसुरी वाचत होते. पहिलं अर्धं पान मी नुसतं ऐकलं. मग वहीच्या मागच्या कागदावर रेघा मारायला लागले. पाच वर्षांच्या आतला मृत्यू असला की एक रेघ. दोन पानं संपली तेव्हा लक्षात आलं, की रेघ न मारता सोडलेल्या ओळी कमी आहेत.

तिसऱ्या खेपेला, १९१७ च्या वहीत, पणजोबांचं नाव आलं. पुढे जातीच्या रकान्यात ‘कु.’ असं स्पष्ट लिहिलेलं. ज्यासाठी गेले होते ते सापडलं. पण ती नोंद पणजोबांची नव्हती. ‘यांची मुलगी, वय ९ दिवस, आकडी.’ नावाच्या जागी काहीच नव्हतं.

मी गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं. आमच्या घरात पणजीची सात मुलं सर्वांना माहीत आहेत. दोन लहानपणी गेले, एक मुलगी बाळंतपणात गेली, चौघं म्हातारे होऊन गेले. वंशावळ मीच काढली होती, सात चौकोनांची. ही आठवी कुणाच्या बोलण्यात कधी आली नव्हती.

नाव का नाही, हे घरी येताना बसमध्ये कळलं. बारसं बाराव्या दिवशी असतं.

त्या दिवसापासून मी आयुर्मान या शब्दाकडे वेगळ्या नजरेने पाहते. बातम्यांमध्ये तो अधूनमधून येतो. भारतीयांचं सरासरी आयुर्मान वाढलं, आता ते सत्तर वर्षांच्या घरात आहे, स्वातंत्र्याच्या वेळी बत्तीसच्या आसपास होतं, वगैरे. आमच्या नात्यातल्या गटावर ही बातमी कुणी टाकली की एक काका हटकून लिहितात, की हे सगळं खोटं आहे, पूर्वीची माणसं नव्वदी गाठायची, आता पन्नाशीत हार्ट अटॅक येतो. मला काकांचा राग येत नाही. त्यांनी पाहिलेले म्हातारे खरेच नव्वदीचे होते. ज्यांना त्यांनी पाहिलंच नाही, ते त्यांच्या हिशेबात कसे येणार?

म्हणून मी पणजीच्या मुलांचाच हिशेब मांडून पाहिला. थोरली मुलगी सत्ताविसाव्या वर्षी गेली. मग एक मुलगा एक वर्षाचा होऊन गेला. एक तीन वर्षांचा होऊन गेला. उरलेले चौघे एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी आणि सहासष्ट. सात जणांची बेरीज ३३०, सरासरी सत्तेचाळीसच्या थोडी वर. आता त्यात नऊ दिवसांची ती मुलगी घाला. बेरीज तेवढीच राहते, तिच्या नऊ दिवसांनी तीत काय भर पडणार? पण भागायचं आठाने. सरासरी सव्वाएक्केचाळीस.

एका बाळाची नोंद हरवली, की घराण्याचं आयुर्मान जवळपास सहा वर्षांनी चढलेलं दिसतं. कुणीही एक दिवस जास्त जगलेलं नसताना.

आणि या आठांपैकी कुणीही एक्केचाळिसाव्या वर्षाच्या आसपास गेलं नाही. चाळिशीत या घरात कधी प्रेत उठलं नाही. आयुर्मान एक्केचाळीस म्हणजे माणसं चाळिशीत म्हातारी होऊन मरत, असा जो समज असतो तो इथेच गळून पडतो. माणसं एकतर पाळण्यातून गेली, नाहीतर बऱ्यापैकी जगून गेली. मधल्या वर्षांत गेली ती बहुतेक बाळंतपणात बाया आणि साथीत कुणीही.

आणखी एक करून पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे धोंडीबाआजोबा आणखी दहा वर्षं जगले असते, चौऱ्याण्णव झाले असते, तर सरासरी किती वाढली असती? सव्वा वर्ष. आणि ती तिन्ही लेकरं वाचून सत्तरीपर्यंत जगली असती तर? सरासरी ६७. आज देशाचं जे आयुर्मान सांगतात त्याच्या अगदी जवळ. त्यासाठी कुणाला शंभरी गाठावी लागली नसती. तीन लेकरांना पहिली पाच वर्षं पार करता आली असती तर पुरे होतं.

देशाच्या आकड्यांत हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. १९७०-७५ या काळात भारतात जन्मवेळचं आयुर्मान ४९.७ वर्षं होतं. २०१६-२० मध्ये ते ७० झालं. पंचेचाळीस-पन्नास वर्षांत वीस वर्षांची भर. याच काळात साठी गाठलेल्या माणसाचं पुढचं अपेक्षित आयुष्य पावणेचौदा वर्षांवरून सुमारे अठरा वर्षांपर्यंत गेलं, म्हणजे चार-सव्वाचार वर्षं. म्हातारपण लांबलं ते एवढंच. बाकीची बरीचशी भर पाळण्यापाशी आणि अंगणात पडली. १९७१ मध्ये देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये हा दर २८ वर आला होता, महाराष्ट्रात १६ वर आणि केरळात ६ वर.

हा आकडा काढतात कसा, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. पणजीच्या मुलांसारखी सगळ्यांच्या मरणाची वाट पाहून सरासरी काढायची म्हटलं तर आजचं आयुर्मान कळायला शंभर वर्षं थांबावं लागेल. त्यावरची युक्ती साडेतीनशे वर्षं जुनी आहे. लंडनमधला जॉन ग्राँट नावाचा कापड-सुताचा व्यापारी शहरातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या गोळा करत बसे. त्याने १६६२ मध्ये त्यांवरून कोणत्या वयापर्यंत किती जण उरतात याचा पहिला अंदाज छापला. पुढे १६९३ मध्ये एडमंड हॅली, ज्याचं नाव धूमकेतूला आहे तोच, त्याने ब्रेस्लाऊ शहरातल्या नोंदी घेऊन नीटस तक्ता बनवला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. पद्धत अशी: एक लाख बाळं आज जन्मली असं मनात धरायचं. या वर्षी एक वर्षाच्या आत ज्या प्रमाणात बाळं गेली, त्या प्रमाणात या लाखातली वजा करायची. उरलेल्यांना यंदाच्या दुसऱ्या वर्षाच्या मृत्यूदरातून न्यायचं, मग तिसऱ्या, असं करत शेवटच्या माणसापर्यंत. सगळे मिळून जेवढी वर्षं जगतील ती लाखाने भागायची.

ती लाख बाळं कुठेच नसतात. आज खरोखर जन्मलेलं बाळ साठीला पोहोचेल तेव्हाचे मृत्यूदर आजचे नसतील. म्हणून आयुर्मान हे कुणाचं भविष्य नाही. सटवाई पाचव्या रात्री बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात, तसलं या आकड्यात काहीही नाही. या एका वर्षात मरण कोणत्या वयाला किती गाठत होतं, त्याची ही मोजणी.

त्यामुळेच एखादं वाईट वर्ष आलं की आकडा एकदम खाली येतो. कोरोनात अमेरिकेचं आयुर्मान २०१९ च्या ७८.८ वरून २०२१ मध्ये ७६.४ वर आलं. याचा अर्थ तिथल्या प्रत्येक माणसाचं आयुष्य अडीच वर्षांनी कमी झालं असा नाही. ती दोन वर्षं तशी होती.

आमच्या वहीतही असं एक वर्ष आहे. १९१७ ची वही मिटण्याआधी गुरुजींनी पुढचीही काढली आणि १९१८ च्या ऑक्टोबरची पानं उघडली. तोवर एका पानात महिना-दोन महिने मावत होते. इथे एकाच तारखेच्या ओळी संपेनात. ओळ न् ओळ ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याचं अक्षर बदललेलं. आधीचा लिहिणारा आजारी पडला, की गेला, कोण जाणे. ही मानमोडीची साथ. मुंबई बंदरात जूनमध्ये आलेला इन्फ्लुएंझा पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेत गावोगाव पसरला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, माणसं आधीच अर्धपोटी होती. देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली, असं आधुनिक काळात एकदाच झालं. त्या दशकाचं आयुर्मान काढलं आहे ते जेमतेम वीस वर्षं.

त्याच पानांत पणजीचा तीन वर्षांचा मुलगाही सापडला. तो घरच्यांना ठाऊक होता, कधी गेला ते ठाऊक नव्हतं.

मग दुसरी एक गोष्ट जुळली. धोंडीबाआजोबांचा जन्म १९१९ चा. घरातल्या बाकी भावंडांची नावं देवादिकांची, यांचंच धोंडीबा का, हे कोडं मला लहानपणापासून होतं. मूल जगत नसलं की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू असली नावं ठेवत. धोंड्याकडे, केराकडे मरण कशाला बघेल, अशी त्या आईची आशा. एका पाठोपाठ तीन लेकरं गेल्यावर पणजीने हे नाव ठेवलं होतं. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्याला मी सांगेन, एखाद्या गावातले दगडू आणि धोंडू मोजा, कोणत्या सालापर्यंत सापडतात ते बघा. आमच्या भावकीत शेवटचा दगडू १९५८ चा आहे.

नऊ दिवसांच्या मुलीला ‘आकडी’ का आली असेल, याबद्दल माझा अंदाज धनुर्वाताचा आहे. नाळ विळ्याने कापायची, जखमेवर शेणाची राख लावायची, ही त्या काळातली सर्रास रीत. धनुर्वाताचं विष बाळाला साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गाठतं. दूध ओढणं थांबतं, जबडा आवळतो, झटके येतात. पाचवीची पूजा झालेली असते आणि मग हे होतं, म्हणून बोल लागायचा सटवाईला. त्यावरचा इलाज साधा निघाला. गरोदर बाईला धनुर्वाताची लस आणि नाळ कापायला निर्जंतुक पातं. तरीही तो घरोघर पोहोचायला किती काळ गेला पाहा: बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात भारतातून हटल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मोहोर २०१५ मध्ये उमटली. देवीचे भारतातले शेवटचे रुग्ण १९७५ चे. जुलाबाने सुकून जाणाऱ्या लेकरांसाठी मीठ-साखर-पाण्याची जलसंजीवनी. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाईन संपल्यावर ती पिंपांतून वाटली आणि पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण कोसळलं. आयुर्मानाच्या त्या वीस वर्षांत भलीमोठी इस्पितळं थोडी आहेत, असल्या गोष्टी फार आहेत.

माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेली गोष्ट मात्र गडचिरोलीची आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या गावांत आधी मोजायला सुरुवात केली. कोण जन्मलं, कोण गेलं, किती दिवसांचं होऊन गेलं. बाळ घरातच जन्मायचं, घरातच जायचं, आणि गेलेलं बाळ सांगायची रीत नव्हती. मोजल्यावर कळलं की हजार जन्मांमागे साठहून अधिक बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. मग ३९ गावांत गावातल्याच बायका शिकून तयार झाल्या, आरोग्यदूत म्हणून. थोडंफार शिकलेल्या बायका. त्या घरी जाऊन झोळीत बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, थंड पडणाऱ्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायच्या. बाहेरचे डॉक्टर हे ऐकून घाबरले होते. तीन वर्षांत नवजात बाळांचा मृत्यूदर ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही घरभेटीची पद्धत आली. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळ घरीच जन्मलं असेल तर पहिला दिवसही.

सातवा दिवस आणि चौदावा दिवस. आमची आठवी या दोन्हींच्या मधे गेली.

मोजणं आधी आलं, इलाज नंतर, हे मला महत्त्वाचं वाटतं. देशाचं आयुर्मान आज ज्या नमुना नोंदणी पद्धतीतून निघतं तीही अशीच हट्टी आहे. साडेआठ हजारांहून अधिक गावं आणि शहरी वस्त्या निवडलेल्या. तिथला एक माणूस, पुष्कळदा शिक्षक किंवा अंगणवाडीताई, वर्षभर जन्ममृत्यू लिहून ठेवतो. दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस येऊन घरोघर स्वतंत्रपणे विचारतो. मग दोन्ही याद्या समोरासमोर ठेवतात आणि एकीत आहे, दुसरीत नाही असं जे सापडेल त्यासाठी पुन्हा त्या घरी जातात. एकाला लपलेलं दुसऱ्याला सापडावं म्हणून. १९१७ च्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वहीमागे असा दुसरा माणूस नव्हता. त्या वहीत आमची मुलगी आली. न आलेल्या किती असतील, त्यातही मुली किती असतील, याचा विचार मी करते आणि साथीच्या दशकाच्या त्या वीस वर्षं आयुर्मानाच्या आकड्याकडेही मग साशंकपणे बघते.

मुलींबद्दल आणखी एक. जगात जवळपास सगळीकडे बाया पुरुषांपेक्षा थोड्या जास्त जगतात. आपल्याकडे १९७०-७५ मध्ये पुरुषांचं आयुर्मान साडेपन्नास होतं आणि बायकांचं एकोणपन्नास. बायका पुढे गेल्या त्या ऐंशीच्या दशकात. ही उलटी दरी शरीराने पाडलेली नव्हती. मुलाला आधी वाढायचं, मुलीला दवाखान्यात उशिरा न्यायचं, तिचं लवकर लग्न करायचं आणि बाळंतपणामागून बाळंतपण, या सगळ्याची ती बेरीज होती. सत्ताविसाव्या वर्षी गेलेली पणजीची थोरली मुलगी त्या बेरजेतली एक.

या एका आकड्यावर सगळा भार टाकणंही बरोबर नाही, हे मी वडिलांच्या शेवटच्या वर्षांत शिकले. ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेले, राज्याच्या सरासरीपेक्षा थोडे पुढे. शेवटची सहा वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तक्त्यात त्यांची चौऱ्याहत्तर वर्षं पूर्ण मोजली जातात, त्या सहा वर्षांचा रंग तिथे उतरत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना निरोगी आयुर्मान वेगळं काढते. २०१९ चा भारताचा तो आकडा साठच्या आसपास होता, म्हणजे सरासरी दहा वर्षं दुखण्यासोबत. आणि राज्याच्या सरासरीत मेळघाटातलं कोरकू बाळ आणि पुण्यातलं बाळ एकाच ताटात मिसळून जातात. महाराष्ट्राचं आयुर्मान वाचून मेळघाट कळत नाही. जिल्ह्याजिल्ह्याचा असा आकडा नियमाने छापला जावा, असं मला फार मनापासून वाटतं. मुंबई-पुण्याच्या सावलीत किती गावं झाकली जातात ते तेव्हाच दिसेल.

दाखल्याचं काम झालं. त्यासाठी जोडलेला सर्वांत जुना पुरावा त्या मुलीचीच नोंद होती. पणजोबांचं नाव आणि ‘कु.’ एकत्र दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. नक्कल, त्याचं देवनागरीत लिप्यंतर, शिक्का, सही. आमच्या घरातल्या सव्वीस जणांच्या अर्जांना तिची झेरॉक्स जोडली आहे. अर्जासोबतच्या वंशावळीत ती नाही, कारण तिच्यापासून पुढे कुणाचा वंश चालत नाही आणि तिथे तेवढंच विचारतात. घरच्या वंशावळीत मी आठवा चौकोन काढला.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. पणजी म्हणजे त्यांची आजी, तिच्या कुशीत झोपलेल्या. त्यांना नक्कल वाचून दाखवली.

‘‘नाव काय लिहिलंय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाव नाही आत्या. बारसंच झालं नव्हतं.’’

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मोडी त्यांनाही येत नाही. मग म्हणाल्या, ‘‘आजीच्या पेटीत एक बाळलेणं होतं बघ, लहानसं, वाळा होता चांदीचा, एकच. कुणाचा विचारलं की म्हणायची, आहे एकीचा. आम्हाला वाटायचं थोरलीचा असेल.’’

‘‘आता कुठे आहे?’’

‘‘वाटण्या झाल्या तेव्हा धोंडीबाकाकांनी मागून घेतला होता.’’